टांकसाळीतील मिठाचे पाणी : प्रमाण द्रावणाच्या इतिहासातील एक प्रकरण

संहत द्रावणाचा साठा करून ठेवावा आणि प्रसंगानुसार त्यातून विरल द्रावण सिद्ध करावे, ही रीत प्रयोगशाळांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला काही इतिहास असेल ही कल्पनाही सहसा मनात येत नाही. त्या इतिहासातील एक अत्यंत बोधप्रद प्रकरण पॅरिसच्या टांकसाळीत घडले, आणि त्याच्या मुळाशी प्रश्न होता तो नाण्यातील रुप्याचा.

फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने रुप्याच्या नाण्याचा कस हजारी ९०० ठरविला होता. सूट होती ती अवघी दोनतीन सहस्रांशांची. कस काढण्याची परंपरागत रीत अग्नीची होती. नमुना शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवीत. शिशाचे व तांब्याचे भस्म मुशीत जिरून जाई आणि रुप्याचा मणी मागे उरे. परंतु भस्माबरोबर थोडे रुपेही जिरते व थोडे उडून जाते. परिणामी खऱ्या ९०० कसाचे नाणे मुशीत सुमारे ८९६ भरे. म्हणजे चूक कायद्याने दिलेल्या सवलतीहूनही मोठी होती. मुशीत ९०० दिसावे म्हणून प्रत्यक्षात अधिक रुपे घालणे मग ओघानेच आले, आणि त्याचा भुर्दंड सरकारी खजिन्यावर पडला.

१८२९ मध्ये टांकसाळीत कस काढण्याच्या कामाचे प्रमुखपद गे-ल्युसॅक याच्याकडे आले. १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत त्याने अग्नीऐवजी पाण्याची रीत सांगितली. नमुना नत्राम्लात विरघळवून त्यात मिठाचे द्रावण घालावयाचे. रुप्याचा पांढरा, दह्यासारखा साका खाली बसतो. किती मीठ लागले यावरून रुपे किती होते हे कळते. ज्या द्रावणाचे १०० भाग बरोबर १ ग्रॅम रुपे खाली बसवितात, त्याला त्याने ‘नॉर्मल’ द्रावण म्हटले.

हे द्रावण सिद्ध करण्याची त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. हिशेबाने ०.५४२७ किलोग्रॅम शुद्ध मीठ आणि ९९.४५७३ किलोग्रॅम पाणी घेतले की काम भागावे. पण शुद्ध मीठ सहजी मिळत नाही, आणि मिळाले तरी ते हवेतील ओल शोषते. म्हणून बाजारच्या मिठाचे संहत द्रावण एकदाच भरपूर करून ठेवावे, लागेल तसे त्यात पाणी मिसळावे, आणि तोलून घेतलेल्या १ ग्रॅम शुद्ध रुप्यावर त्याची परीक्षा करून ते कमीअधिक करावे, असे तो सांगतो. या परीक्षेचे महत्त्व आजच्या अणुभारांवरून अधिकच स्पष्ट होते. आजच्या हिशेबाने १ ग्रॅम रुप्याला ०.५४१८ ग्रॅम मीठ पुरते. केवळ त्या काळच्या गणितावर विसंबून द्रावण केले असते, तर दीड सहस्रांशाहून अधिक चूक झाली असती. शेवटचा निर्णय रुप्यावर सोपविल्यामुळे ही चूक आपोआप निरुपद्रवी ठरली.

तथापि या द्रावणाच्या एका घन सेंटिमीटरला १० मिलिग्रॅम रुपे लागते, आणि वाद तर दोनतीन मिलिग्रॅमांचा! येथे दुसरे विरलन उपयोगी पडते. नॉर्मल द्रावणाच्या एका भागात नऊ भाग पाणी मिसळले की ‘दशांश’ द्रावण तयार होते. त्याचा एक घन सेंटिमीटर म्हणजे १ मिलिग्रॅम रुपे. एकास नऊ, एकास दहा नव्हे. ‘दहापट पातळ’ या मोघम शब्दप्रयोगाने विद्यार्थ्यांची येथे नेहमी फसगत होते. ‘लिटरभर पाण्यात’ आणि ‘लिटरभर होईपर्यंत’ यांतील भेदही याच जातीचा; व्याकरणदृष्ट्या तो एका शब्दाचा असला, तरी द्रावणात तो मोजता येतो.

प्रत्यक्ष परीक्षा अशी : कसाची खालची मर्यादा ८९७ धरून १.११४८ ग्रॅम नमुना घ्यावा. तेवढ्यात १ ग्रॅम रुपे असावयास हवे. नाणे खरोखर ९०० कसाचे असेल, तर त्यात सुमारे ३.३ मिलिग्रॅम रुपे अधिक निघेल. नॉर्मल द्रावणाच्या १०० घन सेंटिमीटरांनी १ ग्रॅम रुपे खाली बसते. बाटली जोराने हलविली की वरचे पाणी निवळते. मग दशांश द्रावण एकेक घन सेंटिमीटर घालीत जावे. पहिल्या चारांनी गढूळपणा येईल, पाचव्याने येणार नाही. पाचवा सोडून द्यावयाचा आणि चौथा अर्धा मोजावयाचा, असा नियम, उत्तर साडेतीन. नॉर्मल द्रावणाने हाच अवशेष मोजू पाहिले असते, तर सारा निवाडा काही थेंबांवर येऊन ठेपला असता. द्रावण विरल केल्याने त्याची शक्ती घटली, पण मोजमापाची वाढली. आणि चुकून मीठ अधिक पडलेच, तर लिटरमागे १ ग्रॅम रुपे असलेले दुसरे दशांश द्रावण परतीच्या मोजणीसाठी सिद्ध असे.

शब्दांचा प्रवासही या टांकसाळीतूनच जातो. फ्रेंच ‘तित्र’ म्हणजे मौल्यवान धातूचा कस. द्रावणाच्या बळालाही तोच शब्द लागू झाला आणि त्यावरून अनुमापनाचे युरोपीय नाव आले. मराठीत ‘कस’ शब्द सोन्यावरून जमिनीला आणि माणसालाही लागला, पण द्रावणाला मात्र लागला नाही. ‘अनुमापन’ ही संज्ञा अर्थवाही खरी, परंतु तिच्यात टांकसाळीची आठवण उरलेली नाही.

‘नॉर्मल’ शब्दाचा अर्थ पुढे पालटला. कार्ल फ्रीडरिख मोर याच्या १८५५ च्या ग्रंथाने लिटरमागे एक ग्रॅम-सममूल्य हा अर्थ रूढ केला. तेव्हापासून द्रावण एका धातूच्या चाकरीतून सुटले. १९७१ मध्ये ‘मोल’ हे आंतरराष्ट्रीय मूल एकक ठरल्यावर तोही अर्थ मागे पडत गेला. दशांशाची पायरी मात्र टिकून आहे, आणि रुप्याचा कस मिठाने काढण्याची रीतही. गढूळपणा पाहणाऱ्या डोळ्याच्या जागी विद्युत्‌-विभव मोजणारे उपकरण आले, इतकेच.