दाराला चार भोकं आणि बेडरूममध्ये टीव्ही: घरच्या कॅमेऱ्याची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. इअरफोन घरी विसरला असाल तर हे वाचा, काही बिघडत नाही.

विषय आहे घरातला सीसीटीव्ही, आणि तोसुद्धा आपला आपण बसवलेला. घरात कॅमेरा लावायचं ठरलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आईबाबा फोन तुमच्या हातात देतात आणि म्हणतात, "तूच बघ रे, तुला कळतं त्यातलं." मग तुम्ही यूट्यूबवर चार व्हिडिओ बघता, किती मेगापिक्सेल, नाइट व्हिजन किती मीटर, ऑफर कधी लागणार. ते सगळं ठीक आहे. पण ही वस्तू आली कुठून हे कळलं ना, की दुकानदाराला विचारायचे प्रश्नच बदलतात. म्हणून आज थोडं मागे जाऊया.

सन १९६६. ठिकाण न्यूयॉर्क शहरातला क्वीन्स हा भाग, त्यातलं जमैका. (देश नाही हं, क्वीन्समधल्या एका वस्तीचं नाव जमैका आहे.) तिथे मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक कृष्णवर्णीय नर्स राहायची. नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन. दोघांच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, त्यामुळे मेरी पुष्कळदा घरी एकटी. भागात गुन्हे वाढलेले, आणि पोलिसांना बोलावलं तर ते कधी येतील याचा भरवसा नाही. रात्री दारावर थाप पडली तर उठून दारापाशी जायचं, मॅजिक आयला डोळा लावायचा आणि बाहेर कोण आहे ते बघायचं. म्हणजे ज्याची भीती वाटतेय त्याच्यापासून दोन इंचांवर जाऊन उभं राहायचं, मध्ये फक्त एक फळी.

मेरीचा प्रश्न अगदी साधा होता. मला दारापाशी न जाता दार बघायचंय.

मग नवरा-बायकोने मिळून जे रचलं ते आजही वाचताना मजा येते. दारात एकाखाली एक अशी चार भोकं. वरचं उंच माणसासाठी, खालचं लहान मुलासाठी. दाराच्या आतल्या बाजूला एक कॅमेरा, तो मोटरवर वर-खाली सरकणार आणि हव्या त्या भोकातून बाहेर बघणार. चित्र दिसणार बेडरूममधल्या टीव्हीवर. बाहेरच्याशी बोलायला माइक आणि स्पीकर. ओळखीचा माणूस निघाला तर रिमोटने दाराचं कुलूप तिथूनच उघडायचं. नको तो निघाला तर दुसरं बटण दाबून धोक्याची सूचना बाहेर पाठवायची.

आता तुमच्या सोसायटीतला व्हिडिओ डोअरबेल आठवा. समोरच्याचा चेहरा, दोन्हीकडून बोलणं, लांबून दार उघडणं. यातलं नवीन काय आहे? फोन. बाकी सगळं मेरीच्या बेडरूममध्ये होतं.

१ ऑगस्ट १९६६ ला दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, आणि २ डिसेंबर १९६९ ला ते मिळालं. पहिलं नाव मेरीचं, दुसरं अल्बर्टचं. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच आठवड्यात बातमी छापली. तिने तेव्हा सांगितलं होतं की एकट्या बाईला एक बटण दाबून लगेच मदत मागवता येईल.

इथे एक खुलासा. इन्स्टावर "सीसीटीव्हीचा शोध एका नर्सने लावला" अशी रील फिरत असते. तसं नाहीये. बंद तारेवरून कॅमेऱ्याचं चित्र बघायची पद्धत त्याआधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत पीनेम्युंडे इथे व्ही-२ रॉकेटची उड्डाणं सुरक्षित अंतरावरून बघायला वॉल्टर ब्रुख या इंजिनिअरने अशी यंत्रणा उभी केली होती. हाच ब्रुख पुढे पाल या रंगीत टीव्हीच्या पद्धतीचा जनक म्हणून नावाजला. पण ते काम सैन्याचं होतं, मागे सरकारी पैसा होता. राहत्या घरात, घरातल्या माणसाच्या हातात सगळी बटणं देणारी अशी पूर्ण रचना मेरीची. मला तर हे श्रेय जास्त मोठं वाटतं, कारण इथे बघणारी तीच आणि जिच्या घराचं राखण व्हायचंय तीही तीच.

तिच्या रचनेतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, कॅमेऱ्याचं तोंड बाहेर होतं. दोन, बाहेर कुणाला कळवायचं की नाही हे ठरवणारं बटण तिच्या हातात होतं.

मग घरोघरी असे कॅमेरे का लागले नाहीत? सोपं कारण, पैसा. त्या काळचे टीव्ही कॅमेरे काचेच्या नळीवर चालायचे. आकाराने मोठे, किमतीने त्याहून मोठे. चित्र साठवायचं तर टेपची यंत्रं, तीही महाग. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं सीसीटीव्ही म्हणजे बँक, कॅसिनो, मोठी दुकानं. मेरीची यंत्रणा कारखान्यातून घाऊक निघाली नाही, पण तिच्या पेटंटचा आधार पुढच्या कितीतरी पेटंट अर्जांनी घेतला.

योगायोग बघा. पेटंट मिळालं त्याच १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. सीसीडी म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारी सिलिकॉनची चकती. काचेची नळी घालवली ती हिने. दोघांना २००९ चं नोबेल मिळालं. पुढे तिची जागा सीमॉस सेन्सरने घेतली, तो आत्ता तुमच्या फोनमध्ये आहे.

कॅमेरा स्वस्त होत गेला, तसं चित्र घराबाहेर पडायला लागलं. याची सुरुवात मात्र चोरापासून झाली नाही. ती झाली कॉफीपासून.

१९९१, केंब्रिज विद्यापीठाची कॉम्प्युटर लॅब. ट्रोजन रूम नावाच्या खोलीजवळ कॉफीचं एकच भांडं, आणि पिणारे दोन-तीन मजल्यांवर पसरलेले. जिने उतरून यायचं आणि भांडं रिकामं! क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि चित्र लॅबच्या नेटवर्कवर सोडलं. १२८ बाय १२८ पिक्सेल, काळंपांढरं, मिनिटाला दोन-तीन वेळा बदलणारं. कॉफी मिनिटाला तेवढीच बदलते, त्यामुळे पुरायचं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरातून लोक एका इंग्लिश कॉफीच्या भांड्याकडे टक लावून बसायला लागले. २००१ मध्ये कॅमेरा बंद केला, भांडं ईबेवर ३,३५० पौंडांना गेलं.

मौजेची गोष्ट आहे, पण पटकन पुढे जाऊ नका. लॅबमधल्या चार जणांसाठी लावलेला कॅमेरा दोन वर्षांत अख्ख्या जगाला दिसत होता. भांड्याला काही फरक पडत नव्हता म्हणून ठीक.

१९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने पहिला नेटवर्क कॅमेरा बाजारात आणला. थेट नेटवर्कच्या वायरला जोडायचा, मध्ये कॉम्प्युटर नको.

आता माझा आवडता माणूस. फिलिप कूम्ब्स. याच्या गॅरेजमध्ये चोरी झाली, ड्रिलबिल सगळी हत्यारं गेली. त्याच्या डोक्यात आलं की दाराकडे बघणारा एक कॅमेरा असता तर कोण आलं आणि कधी, हे तरी कळलं असतं. आणि गडी प्रोग्रामर. त्याने २००२ मध्ये लिनक्सवर चालणारं झोनमाइंडर नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट खुलं करून टाकलं. जुना पीसी, एक कॅप्चर कार्ड, साधा कॅमेरा, झाली यंत्रणा तयार. आजही हे सॉफ्टवेअर जिवंत आहे.

नावातला 'झोन' महत्त्वाचा. कॅमेऱ्याला 'चोर' कळत नाही. तो लागोपाठची दोन चित्रं घेतो आणि किती ठिपके बदलले ते मोजतो. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बदलले की म्हणतो, हालचाल झाली. मग वाऱ्याने झाड हललं तरी हालचाल, ढग आला तरी हालचाल, ट्यूबलाइट लुकलुकली तरी हालचाल. म्हणून चित्राचे भाग पाडायचे आणि सांगायचं, या फांदीकडे दुर्लक्ष कर, या दाराकडे बघ. तुमच्या ॲपमध्ये 'ॲक्टिव्हिटी झोन' दिसतो ना, त्यामागचं गणित हेच. रात्री तीन वाजता मांजरामुळे फोन वाजत असेल तर कॅमेऱ्याला शिव्या देण्याआधी झोन आखा.

आणि इथून गोष्ट जरा काळी होते.

कॅमेरा स्वस्त झाला, इंटरनेटला लागला, आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही. हा आता लेन्स लावलेला छोटा कॉम्प्युटर आहे. कारखान्यातून निघताना लाखो नगांना एकच युजरनेम, एकच पासवर्ड. बसवणारा वायर ओढतो, चित्र दिसलं की पैसे घेतो आणि जातो. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम आला. (जपानीत मिराई म्हणजे भविष्य. घ्या!) तो इंटरनेटवर फिरत राहायचा, जो दिसेल त्या उपकरणाचं दार ठोठवायचा आणि साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून बघायचा. बस, एवढंच. कुलूप फोडलंच नाही, किल्ली पायपुसण्याखाली होती. ऐन भरात लाखो उपकरणं त्याच्या ताब्यात होती, त्यात ढीगभर घरगुती कॅमेरे आणि डीव्हीआर.

२१ ऑक्टोबर २०१६, शुक्रवार. या फौजेने डिन नावाच्या अमेरिकन कंपनीवर एकाच वेळी मारा केला. डिन काय करायची, तर वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगायची. तीच कोलमडल्यावर ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट तासन्‌तास डळमळत राहिले. मिराई लिहिणारे निघाले कॉलेजच्या वयाची तीन अमेरिकन पोरं, आणि त्यांचा मूळ धंदा माइनक्राफ्टच्या सर्व्हरभोवतीचा. २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. चोर पकडायला लावलेला कॅमेरा मालकाला न कळता चोराच्या टोळीत सामील झाला होता. आणि मालकाला ॲपवर चित्र व्यवस्थित दिसतच होतं!

ही झाली बाहेरच्यांची गोष्ट. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनच्या रिंग कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. तक्रारीत म्हटलं होतं की कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याने बायकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचे हजारो व्हिडिओ बघितले. रिंगने आरोप मान्य केले नाहीत, पण ५८ लाख डॉलर द्यायला तयार झाली. मेरीच्या दारावरच्या कॅमेऱ्याची सरळ वंशज म्हणावी अशी ही डोअरबेलवाली कंपनी.

आपल्याकडचं बोलायचं तर फेब्रुवारी २०२५ मधलं राजकोटचं प्रकरण आठवा. तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातलं, तपासणीच्या खोलीतलं सीसीटीव्ही फुटेज यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला निघालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. कॅमेरा लावणाऱ्याने सुरक्षेसाठीच लावला असणार. त्या खोलीत का लावला, हा माझा प्रश्न आहे.

म्हणून मेरीच्या त्या दोन गोष्टींकडे परत येऊया. तिचा कॅमेरा बाहेर बघायचा. आपला हॉलमध्ये असतो आणि दिवसभर आजी, लहान बहीण आणि कामाला येणाऱ्या मावशी यांच्याकडे बघतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. माझं मत स्पष्ट आहे. दार, जिना, गॅलरी, पार्किंग, इथवर कॅमेरा. आत लावायचाच असेल तर घरातल्या प्रत्येकाला सांगून, कामवाल्या मावशींनाही, आणि बेडरूममध्ये अजिबात नाही. समोरच्या काकांचं दार चित्रात येत असेल तर कॅमेरा थोडा खाली वळवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि बटण कुणाच्या हातात? दुकानदाराला मेगापिक्सेलच्या आधी हे विचारा: इंटरनेट बंद असताना रेकॉर्डिंग चालतं का? कुठे साठतं, मेमरी कार्डावर, एनव्हीआरच्या हार्ड डिस्कवर की कंपनीच्या सर्व्हरवर? महिन्याचे पैसे थांबवले तर काय काय बंद पडतं? ऑनव्हिफ चालतो का? हे २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनीने मिळून सुरू केलेलं समान मानक आहे. ते असलं तर एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला किंवा झोनमाइंडरसारख्या सॉफ्टवेअरला जोडता येतो, म्हणजे तुम्ही एकाच ॲपचे गुलाम राहत नाही.

बसवताना पहिलं काम पासवर्ड, वायरिंग नंतर. रेकॉर्डरचा पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा, आणि मोबाइल नंबर हा पासवर्ड नाही. बसवायला आलेल्या दादांनी स्वतःच्या फोनमध्ये तुमचा कॅमेरा 'टेस्टिंगला' जोडला असेल तर ते जाण्याआधी काढून टाका. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर कॅमेरे त्यावर टाका, लॅपटॉपपासून लांब. बाहेरून बघायला राउटरचं पोर्ट उघडा असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. फर्मवेअरचं अपडेट आलं की घ्या. डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर सगळ्यात आधी तोच उचलतात. माळ्यावर ठेवा, हवा लागेल असा. आणि राउटर, रेकॉर्डर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाइट गेली की सगळं आंधळं.

भारतात एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडणारे कॅमेरे विकण्याआधी सरकारमान्य प्रयोगशाळेत सुरक्षेची तपासणी करून घेणं कंपन्यांना बंधनकारक झालंय. पण घरी आधीच लागलेल्या जुन्या डीव्हीआरला ते लागू नाही. तो तुम्हालाच बघायचाय, तेव्हा या रविवारी शिडी लावा.

मेरी १९९९ मध्ये क्वीन्समध्येच वारली. तिच्या अमेरिकन पेटंटचा नंबर ३४८२०३७. गूगल पेटंट्सवर हा नंबर इंग्रजी आकड्यांत टाका, चार भोकांच्या दाराची मूळ रेखाटनं बघायला मिळतील. भेटू पुढच्या भागात.