रचनेबरोबर उपपत्ति

धंतोलींत आमच्या शेजारीं राहणारा एक तरुण संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचा व्यवसाय करतो. "प्रोग्राम बरोबर आहे, हें कशावरून?" असें आम्हीं एकदां त्यास विचारलें. "काका, चालवून पाहिला ना!" असें उत्तर आलें. शंभर वेळां चाललेला प्रोग्राम एकशें एकाव्या वेळीं चालेलच, असें कोणत्या तर्कानें ठरतें?

याचें एक उत्तर असें कीं, आधीं प्रोग्राम लिहून मग त्याची सिद्धता शोधीत बसूं नये. काय हवें आहे त्या मागणीपासून निघून, सिद्ध नियमांनीं पायरीपायरीनें प्रोग्रामच काढावा. या विचाराचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चांगदेव यांनीं १२०७ मध्यें चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला, त्या भास्कराचार्यांनीं बीजगणितांत धन संख्येचीं वर्गमूळें दोन सांगितलीं आहेत. एक धन व एक ऋण. म्हणजे ९ शीं ३ व उणे ३ हीं दोन्ही निगडित आहेत. प्रश्न व त्याचीं ग्राह्य उत्तरें यांमधील अशा नात्यास 'संबंध' म्हणतात. यंत्राला एक उत्तर पुरतें. मूळ मागणीस बाध न आणतां निवड निश्चित करीत जाणें, हेंच 'परिष्करण'.

संबंधांच्या गणिताचा पाया १८०६ मध्यें मदुरेस जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन यांनीं १८६० च्या निबंधांत घातला. पुढें पर्स व श्रोडर यांनीं तें वाढविलें आणि १९४१ मध्यें टार्स्की यांनीं त्यास सूत्रबद्ध केलें. प्रोग्रामविषयीं अनुमान करण्याचे नियम १९६९ मध्यें होअर यांनीं मांडले. १९७५ मध्यें डाइक्स्ट्रा यांनीं इष्ट फलाकडून मागें येत प्रत्येक आज्ञेची पूर्वअट काढण्याची रीत दिली. १९७८ मध्यें फिन्लंडांत बॅक यांनीं परिष्करणाचें गणित उभारलें. कॅरल मॉर्गन यांच्या १९९० च्या ग्रंथानें तें आज्ञा क्रमानें देणाऱ्या प्रोग्रामांसाठीं शिकविलें, तर बर्ड व द मोर यांनीं १९९७ मध्यें संबंधांपासून फलनरूप प्रोग्राम काढून दाखविले.

उदाहरण घेऊं. ३० चें पूर्णांक वर्गमूळ हवें आहे. मागणीचीं अंगें दोन: उत्तराचा वर्ग ३० हून अधिक नसावा, आणि त्याच्या पुढच्या संख्येचा वर्ग ३० हून अधिक असावा. पहिलें अंग कधींहि मोडावयाचें नाहीं. दुसरें साधेपर्यंत चालावयाचें. शून्यापासून निघावें, आणि पुढच्या संख्येचा वर्ग ३० च्या आंत आहे तोंवर एकेक वाढवीत जावें. ५ वर थांबणें प्राप्त होतें. कारण २५ बसतो, ३६ बसत नाहीं. थांबण्याची अट येथें अंदाजानें सुचली नाहीं. ती मागणींतूनच निघाली.

या रीतीस श्रम फार पडतात, हें खरें. शिवाय मागणीच चुकीची मांडली तर कोणतीहि सिद्धता तारीत नाहीं.

हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें, असा पोकळ अभिमान आम्ही बाळगीत नाहीं. परंतु उपपत्तीवांचून गणितज्ञास विद्वत्सभेंत प्रतिष्ठा नाहीं, हा भास्कराचार्यांचा आग्रह आजहि शिरोधार्य आहे. आमच्या तरुण शेजाऱ्यानें प्रोग्राम अवश्य चालवून पाहावा. पण तो कां चालेल, हें त्यास आधीं सांगतां यावें.