डोंगरची चराई आणि वनकायदा

डोंगरावर गुरं सोडायला बंदी ही काही आजची गोष्ट नाही. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले झाली आणि गावोगावची चराई आटली. मूळ कटगुणच्या (ता. खटाव) घराण्यातले जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हीच तक्रार मांडली. १९३० साली बिळाशीकरांनी (ता. शिराळा) जंगल सत्याग्रह केला.

पुढे १९८५ साली कोयना व चांदोली अभयारण्ये झाली. २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले, तिथे गुरं चारायला कायद्यानेच मनाई. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ जगावा हे खरंच, पण दावणीच्या म्हशीला वैरण कुठनं आणायची?

२००६ चा वनहक्क कायदा चराईला सामूहिक हक्क मानतो, अभयारण्यातसुद्धा. दावा ग्रामसभेमार्फत करावा. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. खरी अडचण इथंच येते. तेव्हा आजोबांच्या पेटीतली चराईची जुनी पावती फेकू नका. गावातल्या वयस्कर माणसांचा जबाब लिहून घ्या, तोही पुरावा चालतो. मात्र एकाच पुराव्यावर भागत नाही, जोडीला दुसरा लावावा.