विजेरी : तिचा इतिहास आणि तिची निगा

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. त्या हिवाळ्यात कित्येक कुटुंबे घराबाहेर, तंबूत निजली. डहाणूला १९९५ सालापासून मोठे वीजकेंद्र आहे खरे. पण वादळात तारा तुटल्या की पाडा काळोखात जातो. अशा वेळी म्हातारीकोतारी, मुलेबाळे बाहेर काढायची, पायाखाली मण्यार नाही ना हे पाहायचे, तर हाताशी विजेरी हवी. आपण तिला ‘बॅटरी’ म्हणतो. पण खुंटीवरची ही बॅटरी नेमकी ऐनवेळी पेटत नाही. असे का व्हावे? त्याचे कारण तिच्या इतिहासातच आहे.

१८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच माणसाने जस्त, कार्बनची कांडी, मँगनीजची काळी भुकटी आणि नवसागराचे पाणी यांपासून विद्युतघट तयार केला. पण तो काचेच्या बरणीतला. आडवा केला की सांडायचा. पुढे वीसएक वर्षांनी जर्मनीत कार्ल गास्नर याने पाण्याऐवजी लगदा वापरला आणि तो जस्ताच्याच डबीत भरला. घट कोरडा झाला, खिशात मावू लागला. १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल याला अमेरिकेत नळकांड्यातल्या दिव्याचे पेटंट मिळाले. तेव्हाचे सेल लवकर थकत, म्हणून दिवा क्षणभरच लावीत. त्यावरूनच इंग्रजीत त्याला ‘फ्लॅशलाइट’ हे नाव पडले. आपल्याकडे १९३४ साली कलकत्त्यात एव्हरेडी कंपनी स्थापन झाली.

आता गंमत पाहा. गास्नरच्या युक्तीतच आपले दुखणे आहे. साध्या सेलची जस्ताची डबी हेच त्याचे सरपण. वीज निघते तशी ती झिजते, शेवटी भोक पडते, आणि आतला ओलावा गळून स्प्रिंग गंजते.

म्हणून बॅटरी पेटेना, तर क्रमाने पाहावे. आधी सेल : आत दाखवलेल्या खुणेप्रमाणे ते सुलटे बसले आहेत ना? जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. जुना आधी संपतो आणि गळू लागतो. मग स्प्रिंग : पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल काढून कोरड्या फडक्याने पुसावी, पत्रा पॉलिशकागदाने चमकेपर्यंत घासावा. भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नये; हात साबणाने धुवावेत. मग मागचे झाकण आणि दिवा घट्ट फिरवावा. काचेच्या दिव्यातली तार तुटली असेल तर दिवा बदलावा. एवढे करूनही पेटली नाही, तर दोष खटक्यात समजावा. तो दहावीस वेळा सरकवला की पुष्कळदा मळ निघून जातो.

आता एलईडीचे दिवे आले आहेत. ते पुष्कळ टिकतात. पण स्प्रिंग आणि खटका यांची दुखणी तीच राहिली. चार्जिंगची बॅटरी असेल, तर ती वापरात नसली तरी दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावी.

जादा बॅटरीतले सेल काढून कोरड्या डब्यात ठेवावेत. उशाची मात्र भरलेलीच असावी, आणि दर अमावास्येला पेटवून, उघडून पाहावी. गुरुजींनी हा पाठ वर्गात एक जुनी बॅटरी उघडून द्यावा. मुले घरी जाऊन घरची बॅटरी तपासतील.