हिंगोलीचे डोंगर

मराठवाड्याच्या ईशान्य भागातील बसकी डोंगररांग. अजिंठ्याची रांग पूर्वेकडे येता येता उंची आणि सलगता गमावते आणि हिंगोली जिल्ह्यात पोहोचेपर्यंत सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे विखुरलेले डोंगरच काय ते उरतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर थिजून हा काळा पाषाण घडला; त्यामुळे उतारावर मुरमाड जमीन व साग-पळसाचे रान, आणि खाली नदीकाठी कसदार काळी, असा येथील भूरचनेचा क्रम आहे. रांगेच्या एका अंगाचे पाणी कयाधूतून पैनगंगेस व तेथून वर्धा-प्राणहितेच्या दूरच्या वळणाने गोदावरीस मिळते, तर दुसऱ्या अंगाचे पूर्णेतून तिलाच लवकर जाऊन भेटते.

सह्याद्रीतल्यासारखे गिरिदुर्ग येथे शोधू नयेत. या डोंगरांचे खरे वैभव देवालयाचे आणि संतपरंपरेचे आहे. कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान (शके 1192, इ. स. 1270) होय, अशी परंपरा आहे, पंढरपूरचाही तसा दावा असला, तरी गावाने आपल्या नावातच नामदेवांना कायमचे सामावून घेतले आहे. नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे नरसीस शीख यात्रेकरूही भक्तिभावाने येतात. दक्षिणेस, डोंगरांनी वेढलेल्या औंढा येथे नागनाथाचे यादवकालीन मंदिर आहे. त्याचा खालचा भाग शिल्पांनी गजबजलेल्या काळ्या पाषाणाचा, तर वरचा भाग विटा-चुन्याचा, उत्तरकालीन जीर्णोद्धाराचा असून त्याचे श्रेय अहिल्याबाई होळकरांस दिले जाते. अरुंद पायऱ्या उतरून तळघरासारख्या गाभाऱ्यात जावे लागते. विसोबा खेचरांनी नामदेवांस उपदेश केला तो येथेच, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले म्हणून नंदी पाठीमागे राहिला, अशी आख्यायिका आहे. ती इतिहासाच्या कसोटीस लावण्यात अर्थ नाही. नंदी मात्र खरोखरच देवळामागे आहे.

हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता व हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्यावर पैनगंगा ही दोन अंमलांमधील सरहद्द झाली. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा करण्यात आला. अलीकडे वसमत तालुक्यातील पांग्रा शिंदे परिसरात भूगर्भातून आवाज ऐकू येतात. 2024 साली भूकंपाचे धक्केही जाणवले.