परफेक्ट, कंप्लीट, फ्लॉलेस : इंग्रजीतील पूर्णत्वाच्या छटा

कंप्लीट म्हणजे ज्यात काही कमी नाही. परफेक्ट म्हणजे ज्यात सुधारायला काही उरले नाही. कोशात दोघांपुढे ‘पूर्ण’ लिहिलेले आढळते, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

वनस्पतिशास्त्राने या जोडीची विभागणी चोख केली आहे. पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेले फूल ‘परफेक्ट’. त्यांच्यासोबत पाकळ्या आणि त्यांखालची हिरवी दलेही असली, तरच ते ‘कंप्लीट’. जास्वंदीला दोन्ही विशेषणे लागतात. गव्हाचे फूल परफेक्ट असते, पण बिनपाकळ्यांचे असल्याने कंप्लीट नसते. भोपळ्याचे एकलिंगी फूल यांपैकी काहीच नाही.

परफेक्टच्या मुळाशी ‘काम तडीस नेणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. फ्रेंचमार्गे तो ‘पार्फिट’ म्हणून इंग्रजीत आला. पुढे पंडितांनी लॅटिनला धरून त्याचे स्पेलिंग बदलले. मूळ अर्थ व्याकरणाने जपला : ‘परफेक्ट टेन्स’ला मराठी शाळा ‘पूर्ण’ काळच म्हणतात. ‘परफेक्ट स्ट्रेंजर’ म्हणजेही पुरता अनोळखी माणूस. त्याच्या गुणदोषांबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

‘होल’चे कूळ हेल्थ आणि हील या शब्दांचे. आपला ‘धडधाकट’ त्याच्या फार जवळ जातो. ‘एन्टायर’चा पूर्वज लॅटिन ‘इंटेगर’, म्हणजे ज्याला हात लागलेला नाही असे; पूर्णांकाचे इंग्रजी नावही तेच. अश्वपालकांच्या बोलीत खच्ची न केलेला घोडा ‘एन्टायर’ ठरतो. अक्षतांसाठी न मोडलेला तांदूळ निवडण्यामागची कल्पना याच जातीची, आणि या शब्दापाशी मराठी वाचकाला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटावे.

निर्दोषतेचे शब्द मात्र प्रत्येकी वेगळा दोष नाकारतात. ‘फ्लॉ’ म्हणजे आधी कपची, मग तडा. म्हणून ‘फ्लॉलेस’ हिऱ्याला शोभतो. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेच्या 11 पायऱ्यांच्या प्रतवारीत ही सर्वोच्च प्रत : 10 पट भिंगातून कसलेल्या परीक्षकालाही आत-बाहेर काही दिसता कामा नये.

‘इमॅक्युलेट’मध्ये ‘मॅक्युला’, म्हणजे डाग, नाकारला आहे. पोप नववे पायस यांनी 1854 मध्ये मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत घोषित केला, त्याच्या इंग्रजी नावात हाच शब्द आहे. पणजीच्या प्रसिद्ध चर्चच्या नावातही तो आहे. तिथले फेस्त 8 डिसेंबरला असते.

‘इम्पेकेबल’ने तर पापच नाकारले होते. आज तो पोशाखाला, शिष्टाचाराला, अचूक साधलेल्या वेळेला लागतो. हिऱ्याला सहसा कोणी लावत नाही.