पार्ल्याचा भूतकाळ

पुण्यात फ्रेंच शिकवताना मी ‘बोलणे’ या अर्थाचं ‘पार्ले’ हे क्रियापद फळ्यावर लिहिते आणि वर्गातून हमखास प्रश्न येतो, ईस्ट की वेस्ट? हसून झालं की मी ते पुस्तकी भूतकाळात, ‘पासे सँप्ल’मध्ये, चालवून दाखवते: झ पार्ले, त्यू पार्ला, इल पार्ला, नू पार्लाम, वू पार्लात, इल पार्लेर.

‘पार्लात’मधल्या ‘आ’वर एक छोटी टोपी असते. तिथे पूर्वी ‘स’ होता, थेट लॅटिनमधून आलेला. आधी तो उच्चारातून गेला, मग लेखनातूनही, आणि जागेवर राहिली ही टोपी. ‘पार्लाम’ने मात्र नुसतं शेजाऱ्याचं पाहून टोपी चढवली!

१७ व्या शतकात ‘पासे सँप्ल’च्या रूपाला सोवळं होतं. घटना आजची असेल तर ते चालत नसे, मध्ये एक रात्र जायलाच हवी. १६६० च्या पोर-रोयाल व्याकरणात हा नियम आहे. त्याआधी कोर्नेयच्या ‘ल सिद’ नाटकातही फ्रेंच अकादमीने याच कारणावरून चूक काढली होती. नाटक पद्यात, आणि हिशेब मधल्या रात्रीचा!

पुढे बोलण्यातून हे रूप हटलं. कामूने तर १९४२ ची ‘लेत्रांजे’ कादंबरी मुख्यतः बोलीतल्या भूतकाळात, ‘पासे कोंपोझे’त, लिहिली. कथा-इतिहासात अजून ते भेटतं, बहुधा तृतीय पुरुषातच. म्हणून परीक्षेला मी ‘पार्ला’ आणि ‘पार्लेर’ एवढंच विचारते. बाकीची रूपं वाचताना ओळखलीत तरी पुरे.